भाचा फॉरेस्ट्रीला आहे, म्हणजे नक्की काय करतो?

माझं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत प्लाय-हार्डवेअरचं दुकान आहे आणि थोरल्या ताईचा पोरगा दापोलीच्या कृषी विद्यापीठात फॉरेस्ट्री, म्हणजे वनशास्त्र करतोय. ॲडमिशन झालं तेव्हा ताईनं पेढे वाटले आणि गल्लीत ज्यानं त्यानं एकच विचारलं, "म्हणजे आता फॉरेस्टर व्हणार काय? गव्याच्या मागं पळायचं व्हय?" दाजी तर सरळ म्हणाले की झाडं लावायला चार वर्षं कॉलेज कशाला पाहिजे, खड्डा काढा, रोप ठेवा, पाणी घाला, झालं. खोटं कशाला बोला, मलाही तेव्हा ते पटलं होतं. आता पटत नाही, आणि दुकानात बसल्या बसल्या चार जणांना तेच तेच सांगून कंटाळलोय म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

पहिला घोळ नावाचा आहे. वनविभाग म्हणजे सरकारचं खातं, जंगल राखणं, तस्करी पकडणं, वणवा विझवणं, हत्ती-गवे शेतात आले की पंचनामा करणं ही त्यांची कामं. आणि विद्यापीठातला वनशास्त्र विभाग म्हणजे शिकवणारा आणि प्रयोग करणारा. आपल्याकडच्या माणसाला उसावरनं लगेच कळतं. तालुक्याचं कृषी खातं तुम्हाला ठिबकचं अनुदान देतं, पण फुले २६५ ही उसाची जात खात्यानं नाही काढली, ती पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातनं आली, जे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं आहे. झाडांच्या बाबतीत पाडेगावचं काम जे करतात ते हे वनशास्त्रवाले. फरक इतकाच की उसाची जात चांगली का वाईट ते दीड वर्षात कारखान्याच्या काट्यावर कळतं आणि सागाचं कळायला तीस वर्षं लागतात, तोवर प्रयोग सुरू करणारा प्राध्यापक रिटायर होऊन नातवंडं खेळवत असतो. त्यामुळं या लोकांचं काम कुणाला दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा नाव दुसऱ्याचं असतं.

हे शिक्षण विद्यापीठात कसं आलं ते पण थोडं सांगतो, कारण त्यातच सगळं कोडं आहे. इंग्रजांनी १८६४ साली वनखातं काढलं आणि १८७८ ला डेहराडूनला शाळा काढली, पण ती खात्याच्याच माणसांसाठी. म्हणजे जंगलाचं शास्त्र शंभर वर्षं सरकारी कुंपणाच्या आतच राहिलं. मग १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगानं म्हटलं की जळण, बांबू, लाकूड हे सगळं राखीव जंगलातनंच आणायचं म्हटलं तर जंगल उरणार नाही, लोकांच्या बांधावर, पडीक रानावर, गायरानावर झाडं वाढली पाहिजेत. सामाजिक वनीकरण हा शब्द तिथनं गावागावात पोचला. पण शेतकऱ्याच्या बांधावरचं झाड हे खात्याच्या अभ्यासात नव्हतंच, त्याला शेती पण कळणारा आणि झाड पण कळणारा माणूस पाहिजे, म्हणून ऐंशीच्या दशकात कृषी विद्यापीठांत फॉरेस्ट्रीची डिग्री सुरू झाली. हिमाचलात सोलनला तर १९८५ साली फलोत्पादन आणि वानिकीचं वेगळं विद्यापीठच काढलं. आपल्या राज्यात दापोली आणि अकोला. पलीकडं कर्नाटकात शिरसी, ते पण आपल्याला तसं लांब नाही.

आता दापोलीलाच का? भाचा पहिल्या वर्षी सुट्टीला आला तेव्हा त्यानं हे सांगितलं आणि मी चाटच पडलो. रत्नागिरी-सिंधुदुर्ग आपण गाडीतनं बघतो तर सगळं हिरवंगार, माणसाला वाटतं सगळं फॉरेस्टचं असणार. तिथं सरकारी जंगल अगदी थोडं, बाकी सगळी मालकी रानं. म्हणजे खात्यानं कितीही ठरवलं तरी कोकणातलं जंगल टिकणार का नाही ते तिथला जमीनमालक ठरवतो, आणि मालक रान कधी तोडतो, तर पोरीचं लग्न निघालं, आजारपण आलं, घर बांधायला काढलं की. त्याला 'जंगल वाचवा' असं सांगून काही होत नाही, त्याच रानातनं दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी उत्पन्न निघेल असं काहीतरी दाखवावं लागतं. त्यामुळं तिथल्या विद्यापीठाला वनशास्त्र हे शेतीइतकंच लागतं. आपल्या राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, आजरा, चंदगडचा पश्चिम भाग घ्या, तिथंही अभयारण्याच्या हद्दीबाहेर मालकी रानं भरपूर आहेत. राधानगरी अभयारण्य १९५८ चं, राज्यातलं पहिलं, २०१२ पासून जागतिक वारसा यादीत पण आहे, त्याचा आपल्याला अभिमान आहे, असावाच. पण हद्दीच्या दगडाच्या अलीकडं जे झाड उभं आहे त्याला कुठला वारसा लागू होत नाही, तिथं लाकूड व्यापारी येतो.

बरं, आता हे लोक करतात काय.

सगळ्यात आधी बी. दाजींचा 'खड्डा काढा रोप ठेवा' हा मुद्दा इथंच फसतो. रस्त्याकडंचं वाकडंतिकडं, बुंध्यापासनं फाटे फुटलेलं सागाचं झाड बघा, त्याला बी भरपूर येतं आणि ते खालनं सहज गोळा करता येतं, उंच सरळसोट झाडावरचं बी गोळा करायला त्रास. मजूर कुठलं बी गोळा करणार? सोपं ते. मग त्याच बियांची रोपं नर्सरीत, तीच तुमच्या बांधावर, आणि वीस वर्षांनी तुम्ही म्हणता साग काय सरळ वाढत नाही आपल्याकडं. वनशास्त्रवाले रानात फिरून सरळ, निरोगी, जाड बुंध्याची झाडं निवडून त्यांच्यावर नंबर टाकतात, त्याला ते प्लस ट्री म्हणतात, मग त्यांच्या पोरांची वेगवेगळ्या मातीत परीक्षा घेतात. आपण स्थळ बघताना घराणं बघतो तसंच. राज्यात २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा कोटी आणि २०१९ ला तेहतीस कोटी झाडं लावायची मोहीम निघाली होती, आठवत असेल, शाळेतल्या पोरांपासून सगळ्यांनी फोटो काढले. जगली किती यावर सगळे भांडले. भाच्याचा प्रश्न वेगळाच होता, "मामा, तेहतीस कोटी रोपांचं बी कुठल्या झाडांवरनं आणलं?" मी गप्प.

सागाचं बी हा स्वतंत्र विषय आहे. एवढंसं फळ, पण कवच असलं टणक की नुसतं मातीत टाकलं तर त्यातलं थोडंच उगवतं, ते पण कधी उगवेल सांगता येत नाही. म्हणून रात्री भिजत घालायचं, दिवसा उन्हात वाळवायचं, परत भिजवायचं, असं आठ-दहा दिवस कवच दमवायचं. मग रोप वर्षाचं झालं की उपटून वरचा शेंडा बोटभर ठेवून छाटायचा, खालचं सोटमूळ वीतभर ठेवायचं, राहतो तो काडीसारखा तुकडा, त्याला सागजडी म्हणतात. पहिल्या पावसात पहारीनं भोक पाडून ती जडी ठोकायची की तिला फूट येते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं हे वाळकं लाकूड काय पेरतोय. भाच्यानं असल्या जडीचं एक बंडल ओल्या गोणपाटात गुंडाळून कुंभार्ली घाट चढून कोल्हापूरला आणलं होतं, ताईनं चुलीजवळ ठेवलं जळण समजून. वाचलं थोडक्यात.

पिशवीतल्या रोपांचं दुखणं आणखी वेगळं. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत रोप वर्ष-दीड वर्ष राहिलं की मूळ तळाला जाऊन गोल गोल फिरायला लागतं, वरनं रोप टरटरीत दिसतं म्हणून आपण उंच बघून तेच घेतो. जमिनीत लावल्यावर पण ते मूळ गोलच वाढत राहतं, स्वतःच्याच गळ्याला फास लावल्यासारखं, आणि आठव्या-दहाव्या वर्षी जोराचा वारा आला की झाड मुळासकट आडवं. त्याला उपाय म्हणून आता उभ्या खाचांचे कप वापरतात, रूट ट्रेनर, त्यात मूळ सरळ खाली जातं आणि भोकाशी हवा लागली की टोक आपोआप वाळतं. पुढच्या वेळी नर्सरीत गेलात तर रोपाची उंची बघू नका, पिशवीच्या तळाला हात लावा.

आणि माती. दाजींचं रान दोन ठिकाणी, एक भोगावतीच्या काठाला काळं, एक वर माळाला मुरमाड. त्यांनी साग लावला काठाला, का तर माती भारी. सागाला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. २०१९ चा पूर आठवतोय ना, तेव्हा रोपं कितीतरी दिवस पाण्याखाली, ओसरल्यावर बघितलं तर बहुतेक काळी पडलेली. दोन-चार जगली ती २०२१ च्या पुरात गेली. त्याच काठावर अर्जुन उभा आहे, आजोबांच्या वेळचा, त्याला काही झालं नाही, कारण तो मुळातच नदीकाठचा. माळावरच्या बांधाला जुनी बावीस सागाची झाडं आहेत ती मात्र मस्त. हे सगळं कुणीतरी आधी सांगितलं असतं तर दाजींचे दोन हंगाम वाचले असते, पण सांगणारा तेव्हा शाळेत होता.

त्या बावीस झाडांवरनंच मला या शास्त्राची खरी किंमत कळली, कारण विषय पैशाचा होता. व्यापारी आला, बांधावर उभा राहून डोळ्यानं बघितलं आणि उक्तं सांगितलं, झाडामागं साधारण आठ घनफूट धरून. दाजी देणारच होते. भाचा म्हणाला थांबा, टेप आणा. त्यानं आधी प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर घेतला, म्हणजे जमिनीपासनं १.३७ मीटरवर, उतारावर झाड असेल तर चढाच्या बाजूनं मोजायचं, हा नियम ठरलेला आहे म्हणजे कुणीही कुठंही मोजलं तरी तुलना होते. मग पडलेल्या एका झाडाच्या ओंडक्याचा मधला घेर घेतला आणि उभ्या झाडांचा त्यावरनं अंदाज केला. एका चांगल्या झाडाचा मधला घेर निघाला ३६ इंच, सरळ लांबी २० फूट. लाकूडबाजारात चौथाई घेराचा हिशेब चालतो, ३६ चा चौथा भाग ९, नऊ नव्वे ८१, गुणिले २०, भागिले १४४, झाले सव्वाअकरा घनफूट. आठ नव्हे. आणि गंमत पुढंच आहे, हा चौथाई घेर पण खरा नाही. खोड गोल धरून बरोबर गणित केलं तर तेच लाकूड १४.३ घनफूट भरतं, म्हणजे चौथाईच्या हिशेबात पाचवा हिस्सा जन्मजातच कमी धरलेला असतो, कापताना वाया जाणाऱ्या लाकडापोटी. मी पंचवीस वर्षं लाकूड-प्लायच्या धंद्यात, हा हिशेब रोज करतो, पण पाचवा हिस्सा कुठं जातो हे मला भाच्यानं सांगितलं. लाज वाटली थोडी. व्यापारी बिचारा चहा पिऊन गेला, दोन महिन्यांनी परत आला, भाव वाढवून. अर्थात साग स्वतःच्या मालकीचा असला तरी तोडायला परवानगी आणि न्यायला वाहतूक पास लागतो, १९६४ च्या कायद्यापासनं हे आहे, त्यात गेलेले दिवस वेगळे.

लाकडाचं वय हा पण एक भाग. नव्वदच्या दशकात पेपरात सागाच्या जाहिराती यायच्या, आमच्या वडिलांनी अशाच एका कंपनीत युनिट घेतलं होतं, एवढे हजार भरा, वीस वर्षांनी एवढे लाख. ना कंपनी राहिली ना साग. फसवणूक होतीच, पण भाचा म्हणतो कंपनी प्रामाणिक असती तरी गणित बसलं नसतं. सागाची किंमत त्याच्या आतल्या तपकिरी गाभ्याला असते, तेल त्यात, वाळवी लागत नाही ती त्यामुळं. कोवळ्या झाडात बाहेरचं पांढरं लाकूड जास्त आणि गाभा कमी. पाणी-खत देऊन झाड लवकर जाड करता येतं, पण गाभा भरायला त्याला त्याची वर्षं लागतातच. जुन्या वाड्याच्या तुळया शंभर वर्षं टिकतात आणि नवीन चौकट पाच वर्षांत भुसा पाडते, माझ्या दुकानात गिऱ्हाईक भांडतं ते यावरनंच.

आता माझ्या दुकानातला प्लाय घ्या. उत्तरेकडचा माल बराचसा हरियाणातल्या यमुनानगरचा, आणि त्यातलं लाकूड जंगलातलं नाही, पंजाब-हरियाणा-पश्चिम यूपीतल्या शेतकऱ्यांच्या रानातल्या पॉपलर नावाच्या झाडाचं. पॉपलर हिवाळ्यात पानं गाळतो आणि गव्हाला ऊन पाहिजे असतं ते नेमकं हिवाळ्यातच, म्हणून दोघं एका रानात नांदतात, सहा-आठ वर्षांत झाड कापायला येतं. हे जुळवून आणणं म्हणजे कृषिवानिकी. नुसतं बांधाला झाड लावणं नव्हे, कुणाला कधी ऊन, कधी पाणी, कुणाचं मूळ किती खोल याचं वेळापत्रक बसवणं. आपल्या देशानं २०१४ साली कृषिवानिकीचं राष्ट्रीय धोरण केलं, असं धोरण करणारा जगात पहिला देश आपला. पण उसाच्या पट्ट्यात हे वेळापत्रक अजून नीट बसलेलं नाही असं मला वाटतं, ऊस वर्षभर उभा, त्याला सावली नको, आणि कारखान्याचा चेक सोडून वीस वर्षांच्या झाडाची वाट कोण बघणार.

बांबूचं मात्र आपल्याकडं जमण्यासारखं आहे. कोकणात माणगा म्हणतात तो, बिनकाट्याचा, भरीव, सरळ, सिंधुदुर्गात लोकांनी बांधाबांधाला लावलाय आणि आपल्या चंदगड-आजऱ्याकडंही दिसतो. याची अडचण अशी की तो कधीमधी फुलला तरी बी धरत नाही. मग रोपं करायची कशी? कंद खणून लावायचा तर एका कंदामागं एकच रोप आणि बेटाचं नुकसान, गाडीभाडं वेगळं. म्हणून काठीचे पेरं असलेले तुकडे लावून, फांदीची कलमं करून रोपं वाढवायची पद्धत बसवणं, कुठल्या महिन्यात, किती वयाच्या काठीची, कुठलं संजीवक (मुळं फुटायचं औषध) लावून, हे असलं बारीक आणि दिसायला कंटाळवाणं काम असल्या विभागांनी केलंय, आणि ते झाल्याशिवाय 'बांबू लावा' या सरकारी पोस्टरला काही अर्थ नसतो. २०१७ च्या शेवटी कायदा बदलून वनाबाहेरच्या बांबूला 'झाड' या व्याख्येतनं काढलं, त्यामुळं मालकी बांबूला सागासारखा परवान्याचा त्रास नाही. एवढं लक्षात ठेवा की काठी तीन-चार वर्षांची झाल्यावरच आणि पावसाळा सोडून तोडायची, कोवळ्या ओल्या काठीला भुंगा लागतो आणि सहा महिन्यांत पिठासारखा भुसा.

एक उदाहरण आपल्या अगदी जवळचं, आणि वाईट पण. नरक्या नावाचं झाड आपल्या सह्याद्रीत आहे, वास घाण म्हणून हे नाव. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य सापडतं, ज्यापासनं कॅन्सरची औषधं होतात. बाहेर मागणी आली आणि राधानगरीपासनं चंदगड-तिलारीपर्यंत लोकांनी झाडं मुळासकट काढून पोती भरली. खातं काय करणार, पकडणार, केस करणार, आणि ते केलंच. पण मागणी काय केसनं थांबत नाही. तिथं वनशास्त्रवाल्याचा प्रश्न वेगळा असतो, हे बी रुजतं कसं, रानात लागवड करता येते का, मूळ न काढता फांदीतनं किती द्रव्य मिळतं, म्हणजे व्यापाऱ्याला जंगलापेक्षा शेत स्वस्त पडलं पाहिजे. कोकमाचं असंच झालेलं आहे, ते काम कोकणातल्या फळबागवाल्यांचं जास्त, पण तत्त्व तेच. कोकमात नर झाड वेगळं, मादी वेगळं, बियांपासनं लावलं तर सात-आठ वर्षांनी कळायचं की निम्मी नर निघाली. मादी झाडाची कलमं बांधायला लागल्यावर ते रानातलं झाड बागेत आलं.

कोल्हापुरी चपलेचं पण जंगलाशी नातं आहे हे किती जणांना माहीत असेल? कातडं कमावायला हिरडा आणि बाभळीची साल लागते. हिरडा कुणी लावत नाही, गोळा करतात. उद्या हिरडा कमी झाला तर चप्पल रसायनावर जाईल, मग जीआयचा, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा बोर्ड दुकानावर लावून काय उपयोग.

विद्यापीठातल्या वनशास्त्र विभागाचं राज्याला योगदान काय असं कुणी विचारलं तर मी हे असलं सगळं सांगतो. रेंजर, सहायक वनसंरक्षक झालेली पोरं हा त्यातला दिसणारा भाग, वर्षानुवर्षं त्यांनी खात्याला माणसं दिली आहेतच, आणि वनशास्त्राच्या पदवीधरांना वनसेवेत प्राधान्य द्या ही पोरांची मागणी पण तितकीच जुनी. मला ती रास्त वाटते, जनावरांच्या दवाखान्यात आपण व्हेटर्नरीवालाच नेमतो. पण या लोकांवर माझा एक राग आहे. एवढं चांगलं काम करतात आणि लिहून ठेवतात इंग्रजी प्रबंधात, तो जातो लायब्ररीच्या कपाटात. दाजींसारख्या माणसाला पाहिजे असतो एक कागद, मराठीत, काठाला काय लावा, माळाला काय लावा, किती अंतरावर. तो कागद अजून भोगावतीच्या काठाला आलेला नाही, भाचा आला.

यंदाचं ठरलंय असं. काठाला अर्जुन आणि बांबू, माळाला साग, पण फक्त उत्तरेच्या बांधाला. कारण आपल्याकडं वर्षातला बहुतेक काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडं झुकलेला असतो, सावली पडते उत्तरेला, म्हणजे उत्तरेच्या बांधावरच्या झाडाची सावली आपल्या उसावर फारशी पडत नाही. झाडाची मुळं उसात शिरू नयेत म्हणून बांधाकडनं दोन फूट खोल चर मारायचा. दाजींना हे लगेच पटलं, इतक्या लगेच की मलाच शंका आली. मग भाच्याला विचारलं, अरे पण सावली पडणार कुणाच्या रानात? तर उत्तरेला दाजींच्या चुलतभावाचं रान आहे, आणि त्या दोघांचं बांधावरनं आधीच वाजलेलं आहे. भाचा म्हणाला, "मामा, साग हिवाळ्याच्या शेवटी पानं गाळतो, तेवढं त्यांना सांगायचं." सांगायला कोण जाणार ते अजून ठरलेलं नाही, सगळे माझ्याकडंच बघायला लागलेत.